सुनेची बाज

सापाला उगाच बदनाम करतात. आमच्या गावात सापानं जेवढ्या बायका गेल्या, त्यातल्या निम्म्या माणसांनी मारल्या, असं मी तोंडावर म्हणते. कुणाला राग आला तर येऊ दे. माझे केस पांढरे झाले, दात गेले, आता मी कुणाची पत्रास ठेवत नाही. हे बोलणं तसं माझंही नाही. दगडूबा सुताराचं आहे. तो भर चावडीपुढं उभा राहून म्हणायचा, आणि मी तेव्हा डोईवर घागर घेऊन, पदर नाकापर्यंत ओढून, मुकाट खालमानेनं जायची. तो मुकाटपणा आठवला की आजही माझं मलाच दोन थोबाडीत मारावंसं वाटतं.

आमचं गाव उमापूरच्या शिवेला लागून. राज्य निजामाचं. मी लग्न होऊन आले तेव्हा दगडूबा पन्नाशीचा असेल. ठेंगणा, काळा, मनगटं बाभळीच्या खोडासारखी, कानामागं गेरूचा तुकडा आणि हातात लाकूड तासायचा वाकस. तो साधा रामराम घालायचा तरी नव्या माणसाला वाटावं, भांडायला आलाय. आणि बहुतेक वेळा तो भांडायलाच आलेला असायचा. सकाळी गावातून एक फेरी मारायचा. ज्याच्या त्याच्या दारात थांबून आत डोकवायचा, आणि बाजेवरून गोधडीचं टोक खाली लोंबताना दिसलं की तिथूनच ओरडायचा, "वर घ्या ते! शिडी लावून ठिवली का तिला?"

'ती' म्हणजे मण्यार. हे मला मागाहून कळलं.

आधी दगडूबा पान उतरवायचा. आमच्याकडं साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. सापाला साप म्हणायची तर चोरीच. लांबडं म्हणा, जनावर म्हणा. नाव घेतलं की येतो म्हणे. पान लागलेल्याला मारुतीच्या पारावर नेत, दगडूबाला बोलावणं जाई, तो हातातलं काम टाकून ओल्या अंगानं येऊन मंत्र म्हणे, आणि मग कडुनिंबाचा पाला चावायला देई. पाला गोड लागला तर वीख चढलंय. कडू लागला तर उतरलं, जा घरी. बापानं दिलेली विद्या होती ती, आणि लई माणसं त्याच्या हातून उठून घरी गेलती. पंचक्रोशीत मान होता. ज्यांना बिनविषारी धामण चावली, दिवड चावली, ती मंत्र न म्हणताही उठलीच असती, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. गावाला अजून ठाऊक नाही.

मी यायच्या दोन वर्षं आधी त्याची स्वतःची सून गेली. चंद्रा नाव. सकाळी उठली ती म्हणाली, कानाजवळ काहीतरी वळवळलं, मुंगी डसल्यासारखं झालं. सूज नाही, रक्त नाही, ठणका नाही. दगडूबानं मंत्र म्हटला, पाला दिला. तिनं तोंड वाकडं करून सांगितलं, मामा, कडू जहर हाय. दगडूबा हसला, सगळ्यांना म्हणाला उतरलं, आणि तिला म्हणाला, पड जरा. ती पडली. उन्हं डोक्यावर यायच्या आत तिच्या पापण्या उचलेनात, मग गिळवेना, मग श्वास आला नाही.

सुताराचं घर ते. विकायला केलेल्या चार नव्या बाजा भिंतीला उभ्या होत्या. आणि सून त्या बाजांच्या पायाशी भुईवर झोपलेली. सासरा घरात असताना सून बाजेवर कशी चढणार? उंच बसली म्हणजे मस्तवाल झाली. बाईला बाज मिळायची ती बाळंतपणात, तेवढे दिवस शेक घ्यायला, आणि दिवस सरले की परत भुईवर. विधवेनं तर बाजेकडं बघायचंसुद्धा नाही. हे नियम कुणी केले त्याला माझ्यापुढं आणा एकदा.

पुढं महिना गेला. मग एक गोसावी गावात राहिला. तो रामेश्वर करून, तिथून शिडाच्या पडावात बसून पलीकडं लंकेत जाऊन आलेला. दगडूबानं त्याला देवाचं काही विचारलं नाही. तिथं साप हायेत का, एवढंच विचारलं. गोसावी म्हणाला, बेटावर पावलापावलाला साप, पण बहुतेक गरीब, जीव घेणारे मोजकेच. त्यातला एक काळा, अंगावर पांढऱ्या कड्या असलेला. तो चावतो ते झोपलेल्याला, आणि चावलेलं कळत नाही. तिथला एक म्हातारा वैद्य मंत्र म्हणत नाही, पाला देत नाही, आधी विचारतो की माणूस झोपला होता कशावर. चटईवर म्हटलं की कपाळाला हात लावतो.

दगडूबा हे सांगताना दर वेळी इथं थांबायचा. "रावनाच्या लंकेतबी भुईवरच मरत्यात," म्हणायचा, "आन् मी येडा तिला पाला चारत बसलो."

त्या दिवसापासून त्यानं मंत्र सोडला. पान उतरवायला कुणी बोलवायला आलं की दारातूनच हाकलायचा. लोक म्हणाले, सुनेच्या दुःखानं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं, ताळ्यावर आलं होतं. पण आमच्याकडं दोन्ही सारखंच दिसतं.

मला त्याचं पहिलं दर्शन झालं ते नागपंचमीला. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, सुतारानं हत्याराला हात लावायचा नाही. आणि दगडूबाच्या अंगणातून सकाळपासून वाकसाचा ठाकठाक आवाज. आम्ही बायका वारुळाकडून येत होतो. त्यानं आम्हाला अडवलं, आणि स्वतःच्या भिंतीवर काढलेलं चित्र दाखवलं. फणा नव्हता. नुसती लांब काळी रेघ, कोळशानं रंगवलेली, आणि तिच्यावर चुन्याच्या बारीक आडव्या जोड-रेघा.

"पुजायचं तर हिला पुजा," तो म्हणाला. "नाग फना काढून सांगतो, सरक बाजूला. घोनस भाता फुकावा तशी फुसफुसती. फुरसं अंगाला अंग घासून करवतीवानी आवाज करतं. मण्यार काय बी सांगत न्हाई. उंदरामागं घरात येती आन् भुईवर जी बाई असंल तिला घिऊन जाती. हिचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या."

आमच्यातल्या एकीनंही घेतलं नाही. माझी थोरली जाऊ काशी मात्र त्या चित्राजवळ गेली, बोट न लावता रेघा बघितल्या, आणि वाटेत मला हळूच म्हणाली, माझ्या माहेरी गोवऱ्यांच्या ढिगात असलं होतं गं. घरी आल्यावर सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, सुताराच्या दारात थांबल्याबद्दल दोघींचं दिवसभराचं जेवण बंद केलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं जे केलं ते गावानं कधी बघितलं नव्हतं. मृग तोंडावर आला. ज्याची पेरणीची तिफण मोडली तो तिफण घेऊन, ज्याचा नांगर खिळखिळा झाला तो नांगर घेऊन त्याच्या अंगणात. दगडूबा वाकस मांडीवर ठेवून बसला आणि प्रत्येकाला एकच विचारू लागला, सून कशावर झोपती? भुईवर म्हटलं की, आधी सुनेची बाज, मग तिफण. लाकूड तुमचं, अंबाडीची दोरी तुमची, विणून मी देतो, बाजेला दाणा घेणार न्हाई. लोक आधी हसले. मग चिडले. मग त्याचं बलुतं बंद करू म्हणाले. तो म्हणाला, करा. उमापूरहून दुसरा सुतार आणला. तो भला माणूस. तिफणीला हातही न लावता म्हणाला, ह्या गावचं वतन दगडूबाचं हाय, मी त्येच्यात पडनार न्हाई, आणि आल्या पावली परत गेला.

मग आमच्या शहाण्यांनी गेवराईला जाऊन अमिनाच्या कानावर घातलं की सुतार पेरणी अडवतो, सरकारचा सारा बुडवतो. अमीन म्हणजे तेव्हाचा पोलिसातला मोठा साहेब. शिपाई दगडूबाला घेऊन गेले. माझे सासरे सोबत गेलते, त्यांनीच घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. अमीन हसून म्हणाला, "औरतां को पलंग होना कते इसकू." बायकांना पलंग हवा म्हणे ह्याला. सगळी कचेरी हसली. दगडूबानं हात जोडले आणि विचारलं, "साहेब, आपल्या जनान्यात भुईवर कोन झोपतं?"

हसणं तिथंच थांबलं. चाबकाचे चार कोरडे ओढले आणि पाय खोड्यात अडकवून उन्हात बसवला. तो खोडा दगडूबानंच मागल्या साली वेठीनं करून दिलेला. उन्हात बसल्या बसल्या तो शिपायाला बडबडत होता की बिजागरी सैल झालीय, पाचर मारून घ्या, न्हाईतर कैदी पळंल आन् नाव माझं खराब हुईल. मामा, म्हणजे माझे सासरे, हे सांगताना पोट धरून हसत होते. आम्ही दोघी जावा चुलीमागं बसून ऐकत होतो. काशी हसली नाही. राखेत काडीनं आडव्या जोड-रेघा काढत राहिली.

तीन दिवसांनी तो लंगडत परत आला आणि आला तसा पुन्हा अंगणात वाकस मांडीवर घेऊन बसला. आभाळ भरून येत होतं. शेवटी मामाच पहिले नमले. बायकांची कणव येऊन नव्हे, आमच्या तिफणीचा फण मोडला होता म्हणून. एक घर नमलं की बाकीच्यांना वेळ लागत नाही. त्या पंधरवड्यात दगडूबा आणि त्याचा मुलगा मारुती दिवसभर राबले. बाभळीचे खूर, म्हणजे बाजेचे पाय, दीड हात उंच, रंध्यानं असे गुळगुळीत केलेले की मुंगी घसरावी. बाज झाली की तो स्वतः घरी आणून द्यायचा, चारी खूर हलवून बघायचा, भिंतीपासून वीतभर दूर लावायचा आणि सासूला सांगायचा, ही सुनेची बाज हाय. आमच्या घरी दोन सुनांत एक आली. त्यानं काशीला बोलावून दाखवली, कारण ती थोरली. ती पदराआड होती, पण मला तिचा चेहरा दिसला. तिला कुणी कधी काही तिचं म्हणून दिलंच नव्हतं.

आता ऐका आमच्या घराची करणी. तिफण हातात आली, पेरणी झाली, आणि त्याच आठवड्यात आत्याबाईंनी त्या बाजेवर गोधड्यांची चळत रचली. वर वाकळा, त्याच्यावर पाहुण्यांची जाजमं. म्हणाल्या, भुईवर गोधड्यांना कसर लागती. गोधड्यांना कीड लागते म्हणे! काशी त्या बाजेच्या बाजूला पूर्वीसारखी भुईवर. मी तिच्या शेजारी. गावात बहुतेक घरी हेच झालं. कुठं बाजेवर म्हातारा, कुठं कडबा. दगडूबा सकाळच्या फेरीला यायचा तेव्हा गोधड्या पटापट भुईवर उतरवून ठेवायच्या आणि तो गेला की परत वर. ते काम माझ्याकडं असायचं. मी करायची. एकदाही त्याला सांगितलं नाही की दगडूबा, हे नाटक आहे. का म्हणून नाही सांगितलं? आत्याबाईंची भीती. दुसरं काही नाही, नुसती भीती.

पोळ्याच्या आधी एका सकाळी काशी उठली ती पोट धरून. म्हणाली, आतून पिळवटतंय, आणि डोळे उघडले तरी मिटतात. आत्याबाई म्हणाल्या, दळणाचा कंटाळा. तरी मनात कुठं पाल चुकचुकली असेल, म्हणून कडुनिंबाची फांदी मोडून आणली. काशीनं पाला चावला. कडू लागला. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. बघ, म्हणाल्या, काय न्हाई झालं, ऊठ. काशी जात्यापाशी जाऊन बसली. तिनं खुंटा धरला आणि तिचा हात फिरेना. मान उचलेना. मी तिला धरून निजवली, आणि तेव्हा कुठं मी वेशीपर्यंत लाज सोडून पळाले आणि दगडूबाला हाक मारली. तो येईपर्यंत सगळं झालं होतं.

गोधड्यांची चळत बाजेवर तशीच. आज मी उतरवली नव्हती. त्यानं ती बघितली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा ओरडेल, वाकस काढेल, घर डोक्यावर घेईल. मी वाट बघत होते त्याच्या ओरडण्याची. त्यानं एकेक गोधडी उचलली, नीट घडी घातली, भिंतीशी ठेवली. सगळी बाज रिकामी केली. मग आम्हा बायकांना म्हणाला, उचला तिला. आम्ही काशीला बाजेवर ठेवली. आत्याबाई ओरडल्या की मढं बाजेवर ठेवतो का मेल्या, बाज बाटली, आता घरात ठेवता यायची न्हाई.

दगडूबा म्हणाला, "सुनेची बाज हाय. सून झोपली."

आणि निघून गेला. त्याचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. इतका हळू.

मेलेल्याची बाज घरात वापरत नाहीत. ती टाकून द्यायचं ठरलं. मी म्हटलं, मला चालते. आयुष्यात आत्याबाईंसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं ते ह्यासाठी. त्या भ्यायल्या होत्या. मी ती बाज आतल्या खोलीत ओढली आणि तिच्यावर झोपले. तिच्यावर गोधड्या रचायची कुणाची छाती झाली नाही. मेलेल्या काशीनं ती माझ्यासाठी राखली असं समजा. आजही मी तिच्यावरच झोपते. दोरी तीनदा बदलली. खूर तेच आहेत.

दगडूबा पुढं कितीतरी वर्षं जगला. मंत्र परत म्हटला नाही, फेरी सोडली नाही. फरक एवढाच की आता तो दारातून डोकवायचा नाही, आत यायचा. बाजेवर हात फिरवून बघायचा, ती ऊब माणसाची की गोधड्यांची, आणि शिव्या घालायचा त्या आमच्या पिढीला पाठ झाल्या. हळूहळू, कुणी भ्यालं म्हणून, कुणी लाजलं म्हणून, घरोघर सुना बाजेवर गेल्या. सगळ्या नाही. पण गेल्या.

तो जायच्या दिवशी मी तिथं होते. माझेही तोवर केस पिकायला लागलेले. ओसरीवर त्याची बाज, छाती भात्यासारखी वरखाली. गावातली पाचपन्नास माणसं जमलेली, माझे दीर होते, नवरा होता. माणूस जाणार असं दिसलं की त्याला भुईवर घेतात, बाजेवर मरू देत नाहीत. ही आमची रीत. पण मारुतीचं मन होईना. ज्यानं सारी जिंदगी भुईला शिव्या दिल्या, त्याला भुईवर कसं ठेवायचं? तो नुसता उशाशी उभा. माणसं कुजबुजायला लागली. मला त्यांचा असा संताप आला, मनात म्हटलं मरू द्या त्याला वर, तुमच्या बापाचं काय जातं. पण शब्द दातांखाली धरले.

दगडूबानं डोळे उघडले.

"मारुत्या, मला खाली घे बे."

मारुती रडायला लागला.

"बाज बाटंल ना येड्या," तो म्हणाला. एकेका शब्दाला दम लागत होता. "पोरीला लागंल झोपाया."

पोर म्हणजे त्याची नातसून. महिन्याभरापूर्वी लग्न होऊन आलेली. दाराच्या चौकटीला चिकटून, पदर नाकापर्यंत.

चौघांनी त्याला उचलून भुईवर ठेवलं. आणि लगेच एकानं ती बाज उचलून भिंतीला उभी करायला धरली. अडचण होत होती म्हणे. दगडूबाची नजर त्या बाजेवर. त्याला हात उचलता येत नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं. काशी गेली तेव्हा बघितलं होतं तसं.

मी पुढं झाले. बाज खाली ठेवायला लावली. त्या सगळ्या पुरुषांसमोर, थोरल्या दिरांसमोर, जाऊन तिच्यावर बसले. मग दारातल्या त्या पोरीला हाताला धरून आणली आणि शेजारी बसवली. तिचा सासरा समोर, आजेसासरा खाली भुईवर, आणि ही वर. कुणी काही बोललं असतं तर मी ऐकवायला तयार होते.

दगडूबा खालून आमच्याकडं बघत होता. आमचे चार पाय त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होते. त्याच्या कपाळाला आठी पडली, ती जुनी, सकाळच्या फेरीतली.

"वर घ्या ते," तो म्हणाला.

आम्ही दोघींनी पाय वर घेतले.